धुरकीचा उपास

फार पूर्वी, विंध्याच्या पायथ्याला शैलपूर नावाच्या नगरात सुवर्मा राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व राजाच्या मेंढ्या राखणाऱ्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव सोणक. या कथेत बोधिसत्त्व सोनेरी हरिण नाही, की राजाला शहाणपण शिकवणारा मंत्रीही नाही. तो साधा मेंढपाळ आहे, आणि कथेचा बराच भाग तो चुकीच्या बाजूला उभा आहे. ऐकणाऱ्याला हे अवघड वाटेल. सांगतानाही मान जरा खालीच जाते, पण घडले तसे सांगितले पाहिजे.

सोणकाचा तळ नदीच्या अलीकडच्या माळावर होता. पलीकडे रान होते, आणि रानात लांडगे आणि तरस. तळावर दीडशे मेंढ्या, सोणक, त्याची बायको उत्तरा आणि दोन जुनी कुत्री. धुरकी ही धुराच्या रंगाची कुत्री, अकरा वर्षांची. लांडग्याने तिच्या डाव्या कानाचा लचका तोडलेला होता. तांबडा तिच्याहून लहान, अंगाने दांडगा आणि स्वभावाने चिडका. सोणकाच्या हाताखालची कुत्री कशी असतात हे त्या मुलखात कोणाला सांगावे लागत नसे. इतर मेंढपाळ कळप वळवायला गोफणीने दगड मारीत. सोणकाची गोफण कित्येक वर्षे झोपडीच्या आढ्याला टांगलेली होती, आणि आल्यागेल्याला तो ती हटकून दाखवी.

चैत्रात शेजारच्या तळावरची कुत्री मेली आणि तिचे एकच पिलू मागे राहिले. उत्तरेने ते पदरात घालून आणले. उडदाच्या दाण्यासारखे काळे आणि जवळजवळ तेवढेच, असे ती म्हणाली, आणि त्याचे नाव उडीद पडले. तिने त्याला चिंधी बुडवून मेंढीचे दूध पाजले. मेंढ्यांना परका वास येऊ नये म्हणून न धुतलेल्या लोकरीने त्याचे अंग चोळले, आणि कोकरांच्या मध्ये त्याला निजवले. आठ दिवसांत ते कोकरांची डोकी चाटू लागले आणि कोकरेही त्याला आपल्यातलेच समजू लागली. तांबड्याला मात्र हा पाहुणा पसंत नव्हता. त्याच्या वाडग्याजवळ ते एकदाच गेले आणि नाकावर ओरखडा घेऊन परतले.

त्या मुलखातले मेंढपाळ पिलाला स्वतः शिकवत नसत. त्यांची एक रीत होती. हातभर लांब बोरीची काठी घ्यायची, तिच्या दोन्ही टोकांना चामड्याची वळी लावायची, एक वळे जुन्या कुत्र्याच्या गळ्यात आणि दुसरे पिलाच्या. याला ते जोडकाठी म्हणत. लोकरीच्या दोन कातरण्या होईपर्यंत, म्हणजे वर्षभर, काठी काढायची नाही. काठीत असलेल्या पिलाला कोणी मारायचे नाही, ओरडायचेही नाही. त्याने आगळीक केली तर उपास जुन्या कुत्र्याला. संध्याकाळी दोघांपुढे वाडगे भरून ठेवायचे, आणि मेंढपाळाने जुन्या कुत्र्याचे तोंड हाताने फिरवायचे. मग ते वाडग्याकडे पाठ करून बसे. सकाळी तोच मेंढपाळ त्याची हनुवटी उचलून ‘जेव’ म्हणे, तेव्हा खाई.

बाहेरच्या माणसाला ही रीत उलटी वाटे. ज्याने केले तो जेवतो आणि ज्याने केले नाही तो उपाशी, हा कुठला न्याय, असे लोक विचारीत. मेंढपाळ नुसते हसत.

उडदाला धुरकीच्या काठीत घातले. पहिल्या महिन्यात तिला नऊ उपास घडले. त्याने कोकराचा कान ओढला, धुरकी उपाशी. त्याने कातरलेल्या लोकरीचे गाठोडे फाडून माळभर उडवले, धुरकी उपाशी. तिने त्याला कधी चावले नाही. तो भलतीकडे ओढू लागला की ती उभी राही, आणि फारच झाले तर त्याला हनुवटीखाली दाबून धरी. तो मात्र आपला वाडगा चाटूनपुसून साफ करी आणि झोपी जाई.

मग एक दिवस त्याने एका कोकराला पळवत पळवत ओढ्यात घातले. संध्याकाळी सोणकाने धुरकीचे तोंड फिरवले. उडदाने अर्धा वाडगा खाल्ला आणि तो थांबला. धुरकीकडे पाहिले, पुन्हा वाडग्याकडे पाहिले. काठी पोचेल तेवढा तो वळला आणि तिच्यासारखाच पाठ करून बसला. त्या दिवसापासून कोकरांचे कान सुरक्षित झाले.

उत्तरेने हे डोळ्यांनी पाहिले. तिने धावत जाऊन नवऱ्याला सांगितले. सोणक म्हणाला, सोणकाच्या तळावरचा आहे, शिकणारच. शिकवले होते धुरकीने, पण त्या वेळी ते त्याच्या ध्यानातही आले नाही.

आश्विनात नगरातून निरोप आला. राजाच्या सगळ्या कळपांवरचा मुख्य मेंढपाळ गोदत्त म्हातारा झाला होता, त्याला दिसेनासे झाले होते. त्याच्या जागी कोणाला नेमावे हे ठरवायला राजाचा अधिकारी बलभद्र आणि स्वतः गोदत्त तळातळावर फिरत होते. सोणक लहानपणी कुत्री हाताळायला गोदत्ताकडेच शिकला होता. ती जागा आपलीच, असे त्याने मनाशी केव्हाच धरून ठेवले होते, आणि आता ती हातातोंडाशी आली होती.

तेवढ्यावर तो थांबता तर बरे होते. पण त्याला नुसती जागा नको होती, लोकांनी तोंडात बोट घालायला हवे होते. इतरांची पिले वर्षात तयार होतात, माझे पाच महिन्यांत झाले, हे काम दाखवून झाल्यावर सांगावे, असे त्याच्या मनाने घेतले. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी त्याने उडदाच्या गळ्यातून वळे काढले.

उत्तरा चुलीपाशी होती. ती उठून आली. “आत्ताच काढताय? अजून दुसरी कातरणी व्हायचीय.”

“त्याला येतं सगळं. तू धुरकीला बांधून ठेव. पिलू एकटं काम करतंय हे दिसायला हवं.”

तिने धुरकीला झोपडीमागे बांधले. सोणक आत गेला, आढ्याची गोफण काढली आणि कमरेला खोचली. लागणार नाहीच, पण असू द्यावी, असे त्याने स्वतःला सांगितले. माणूस स्वतःशी खोटे बोलतो तेव्हा फार थोडक्यात बोलतो.

कळप ओढ्याच्या घळीच्या काठाने आणायचा, वळवायचा आणि मेंढ्यांच्या वाड्यात कोंडायचा, असे ठरले. बलभद्र आणि गोदत्त उंचवट्यावर वडाखाली बसले. तांबडा उजव्या अंगाला होता, उडीद डाव्या. निम्म्या वाटेपर्यंत उडीद सुरेख चालला. बलभद्र गोदत्ताला सगळे वर्णन करून सांगत होता. मग वळण आले आणि उडीद थांबला. त्याने मान डावीकडे वळवली, जिथे पाच महिने धुरकीची मान होती. तो काठीच्या ओढीची वाट पाहत होता. ओढ आली नाही. पुढचा मेंढा घळीकडे निघाला आणि कळप त्याच्या मागे.

सोणक त्या वेळी करवंदीच्या जाळ्यांमागे होता. वडाखालून तो दिसत नव्हता. त्याने गोफण काढली आणि दगड सोडला. त्याचा नेम पूर्वी चांगला होता, पण वर्षानुवर्षे टांगून ठेवलेल्या गोफणीला नेम कुठला? दगड मेंढ्याच्या पुढे पडायचा तो जाळ्यांलगतच्या एका कोकराच्या डोक्यावर बसला. कोकरू खाली पडले आणि हललेच नाही. आवाजाने मेंढा बिचकला, कळप वळला आणि थेट वाड्यात गेला. उंचवट्यावर बलभद्राने टाळ्या वाजवल्या.

 सोणक धावला, त्याने कोकराजवळचा दगड उचलला. दगडाला लोकर चिकटली होती. त्याने तो कमरेला खोचला, गोफण जाळीत टाकली आणि हसऱ्या चेहऱ्याने पाहुण्यांना सामोरा गेला. कोकराचे मागाहून पाहू, असे तो मनात म्हणाला.

पण मागाहून पाहायला वेळ मिळाला नाही. वाड्यात एक मेंढी ओरडू लागली. ती फाटकाला धडका देई, जाळ्यांकडे तोंड करी. बलभद्र म्हणाला, तिचे कोकरू राहिलेले दिसते. सगळे जाळ्यांकडे गेले. तिथे मेलेल्या कोकराला बिलगून उडीद बसला होता आणि त्याचे डोके चाटत होता, जसा लहानपणी चाटत असे. त्याचे तोंड रक्ताने माखले होते.

मेंढपाळांचा नियम कडक होता. मेंढीचे रक्त चाखलेले कुत्रे कळपात ठेवायचे नाही. सूर्य मावळायच्या आत त्याला नदीपलीकडे हाकलायचे आणि परत आले तर दगड मारायचे. मोठे कुत्रे कदाचित कसेबसे जगेल. उडीद अजून दुधाचे दात पाडत होता. लांडग्यांच्या रानात तो एक रात्रही काढणार नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

गोदत्ताला पिलू दिसत नव्हते आणि बलभद्राला पिलाचे वय ओळखता येत नव्हते. गोदत्ताने एकच गोष्ट विचारली. “सोणक, याची काठी पुरी झाली होती का?”

काठी पुरी झाली नसेल तर दोष पिलाचा नव्हता. मग ते वाचले असते. पण मग काठी आधी कोणी काढली, का काढली, हेही निघाले असते, आणि एकदा धागा ओढला की कमरेतला दगडही बाहेर आला असता. सोणकाने पाहिले, सगळे त्याच्याकडेच पाहत होते.

“झाली होती,” तो म्हणाला.

उत्तरा तिथेच उभी होती. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिले आणि मग जमिनीकडे पाहिले.  आपल्या माणसाची लाज आपल्याला वाटू लागते तेव्हा तोंडातून शब्द फुटत नाही, तसे तिचे झाले. ती स्वयंपाकाला निघून गेली.

उडदाला खांबाला बांधले. बलभद्राने सोणकाच्या पाठीवर हात ठेवला. एखादे पिलू बिघडते, तो म्हणाला, त्यात तुझा काय दोष? उलट स्वतः वाढवलेले पिलू नियमाखातर टाकायला तू तयार झालास, असाच सरळ माणूस राजाला हवा आहे. मुख्य मेंढपाळ तूच, उद्या नगरात चल. सोणकाने हात जोडले.  बलभद्राला तो विनय वाटला.

उन्हे कलली तेव्हा उत्तरेने पत्रावळी मांडल्या. बलभद्र, गोदत्त आणि सोणक जेवायला बसले. त्याच वेळी तिने धुरकीला सोडले आणि कुत्र्यांचे वाडगे भरले. उडदापुढचा वाडगा तिने काठोकाठ भरला, कारण तो त्याचा शेवटचा होता. सोणकाने पहिला घास घेतला. कमरेतला दगड बसताना त्याला टोचत होता.

गोदत्ताचे डोळे गेले होते, पण कान तिखट होते. तो मध्येच थांबला. “एकच कुत्रं जेवतंय,” तो म्हणाला. “बाकीची दोन?”

उत्तरा म्हणाली, “उडीद जेवत नाही. आणि धुरकी वाडग्याकडे पाठ करून बसलीय.”

“कोणी फिरवलं तिचं तोंड?”

“कोणी नाही. येऊन उडदाला हुंगलं आणि आपली आपणच बसली.”

 सोणकाने वळून पाहिले. धुरकी खांबाजवळ बसली होती, उडदापासून बरोबर हातभर अंतरावर, जणू काठी अजून गळ्यात होती. उडीदही पाठ करून बसला होता. बांधलेल्या दोरीने त्याची मान वाकडी झाली होती, तरी तो वाडग्याकडे तोंड करीत नव्हता. तिने काही केले नव्हते. त्यानेही काही केले नव्हते. तळावर ज्याने केले होते त्याच्या तोंडात घास होता.

तो घास सोणकाला गिळता येईना आणि थुंकताही येईना. त्याला शरमेने मेल्याहून मेल्यासारखे झाले. लोकांनी पाहिले असते तर लाज वाटली असती, ही तशी नव्हती. कोणीही पाहिले नव्हते आणि कोणीही कधी पाहणार नव्हते. ती कुत्री तर त्याच्याकडे पाहतसुद्धा नव्हती. तरी त्याला आपल्याच अंगात बसवेना.

त्याने घास हातावर काढला. कमरेतून दगड काढून गोदत्ताच्या पत्रावळीशेजारी ठेवला.

“काठी पुरी झाली नव्हती,” तो म्हणाला. “पाचच महिने झाले होते. तुम्हाला दाखवायला आज सकाळी काढली. आणि कोकरू उडदाने मारलं नाही. मी मारलं.”

गोदत्ताने दगड चाचपला. त्याच्या बोटांना लोकर लागली. तो बराच वेळ ती लोकर बोटांत चोळत राहिला. बलभद्र मात्र ताडकन उठला. हा दगड कमरेला ठेवून तू माझ्याकडून कौतुक करून घेतलेस, माझ्या पंगतीला जेवलास, असे तो म्हणाला. पुढे तो बरेच बोलला आणि सगळे खरे होते. सोणकाने मान वर केली नाही. बलभद्र तसाच पुढच्या तळाकडे निघाला.

गोदत्त मागे थांबला. “पिलू काठीत असताना उपास म्हाताऱ्या कुत्र्याला का, हे मी तुला कधी सांगितलं नाही,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुला कळलं असेल.”

 वर्षानुवर्षे सोणकाने कुत्र्यांची तोंडे फिरवली होती आणि ती रीत कुत्र्यांसाठी आहे असेच तो धरून चालला होता.

गोदत्ताच्या सांगण्यावरून त्याने उडदाची दोरी सोडली आणि जोडकाठी परत दोघांच्या गळ्यात घातली. वळे अडकवताना धुरकीने आपण होऊन मान पुढे केली. गोदत्त म्हणाला, आता तिला जेव म्हण. सोणक म्हणाला, माझी जीभ रेटत नाही, तुम्ही म्हणा, नाहीतर उत्तरा म्हणेल. म्हातारा म्हणाला, तिला दुसऱ्या कोणाचे कळणार नाही, तुलाच म्हणावे लागेल. तेव्हा सोणकाने तिची हनुवटी उचलली. ‘जेव’ एवढे म्हणायला त्याला फार वेळ लागला. धुरकी वळली आणि खाऊ लागली, आणि तिच्याबरोबर उडीदही. तिने सोणकाकडे पाहिलेसुद्धा नाही. तिच्या लेखी रोजच्यापेक्षा वेगळे काही झालेच नव्हते. तिने त्याला माफ केले असते तरी त्याला सोसले असते, पण तिला माफ करायचे काही आहे हेच माहीत नव्हते.

सोणकाने आपली पत्रावळ उचलली, झोपडीच्या भिंतीशी ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून बसला. उत्तरेने ते पाहिले. सकाळी कळप सोडायच्या वेळी ती ताजी भाकरी घेऊन आली, त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, “जेवा आता.” तेव्हा तो जेवला.

मुख्य मेंढपाळाची जागा दुसऱ्या तळावरच्या माणसाला मिळाली. सोणकाला ती पुढेही कधी मिळाली नाही. त्याने गोफण पुन्हा आढ्याला टांगली नाही. दुसरी कातरणी झाल्यावर उडदाची काठी निघाली. त्यानंतर त्या तळावर जे पिलू काठीत असे, त्याच्या आगळिकीबद्दल जुन्या कुत्र्याबरोबर सोणकही उपास करी. लोक त्याला हसत. तोही हसे, पण जेवत नसे.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, एका विहारात, पावसाळ्याच्या मुक्कामात सांगितली. तिथे पाण्याचा रांजण रात्रभर उघडा राहिला होता आणि त्यात एक खार बुडून मेली होती. झाकण घालायची पाळी नवदीक्षित भिक्खू सोमिलाची होती, म्हणून सर्वांनी त्यालाच बोल लावला. सोमिल पूर्वी विणकर होता, वयाने पन्नाशीचा; तो काही न बोलता तीन दिवस भिक्षेलाही गेला नव्हता. नव्या भिक्खूंना शिस्त लावणारे स्थविर पुष्कर या तीन दिवसांत नेहमीसारखे भिक्षेला जात होते आणि नेहमीसारखे जेवत होते.

कथा संपवून शास्ता म्हणाला, “तेव्हाचा बलभद्र आज या सभेतच आहे, पण तो लवकर रागावतो, म्हणून त्याचे नाव सांगत नाही. गोदत्त आणि उत्तरा आपापल्या वाटेने पुढे गेली. धुरकी म्हणजे आजचा सोमिल. आणि जो उडीद होता, ज्याच्यासाठी ती जेवली नाही, तो आजचा पुष्कर.”

सभेत चुळबुळ झाली. कोणीतरी हळूच विचारले, “आणि सोणक, भन्ते?”

“घास तोंडात घेऊन बसलेला तो मी होतो,” शास्ता म्हणाला. “तो घास मला अजून आठवतो.”

स्थविर पुष्कर जागचे उठले. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. त्या रात्री तहान लागली म्हणून आपणच रांजणातून पाणी घेतले आणि झाकण घालायला विसरलो, हे त्यांनी सर्वांसमोर सांगितले. मग ते सोमिलाजवळ गेले आणि आपल्याहून नव्या त्या भिक्खूपुढे त्यांनी हात जोडले. सोमिल फार अवघडला. तो एवढेच म्हणाला की आता दोघे मिळून भिक्षेला जाऊ.

तेव्हा शास्ता म्हणाला, भिक्खूंनो, कोणी पाहत नसताना तोंडातला घास अडतो, ती लज्जा. मला पुढच्या सगळ्या जन्मांत जे काही मिळाले, ते तिच्या मागून आले.